मिनिटाला साठ शब्द आणि आपली मुले

(भिलाईतील मरोदा येथे शिक्षक, पालक आणि पक्षसभासद यांच्या एकत्रित बैठकीत केलेले भाषण. बोलणे हिंदी आणि मराठी असे मिश्र झाले होते. येथे त्याचा मराठी पाठ थोडा संक्षिप्त करून दिला आहे.)



मी शिक्षिका नाही, हे आरंभीच सांगून टाकते. पक्षाच्या कचेरीत भाषांतराचे काम मी करते. इंग्रजी-हिंदीतील ठराव, अहवाल, परिपत्रके मराठीत आणणे हा माझा नित्याचा उद्योग. तेव्हा एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता सांभाळणाऱ्या येथील बाईंना आणि गुरुजींना शिकविण्याचे काही धाडस करायला मी आलेली नाही. या विषयाशी माझी गाठ पडली ती एका शब्दामुळे.

केंद्र सरकारने ५ जुलै २०२१ रोजी ‘निपुण भारत’ ही मोहीम सुरू केली. तिची उद्दिष्टे आपल्या कार्यकर्त्यांसाठी मराठीत उतरवीत असताना ‘फ्लुअन्सी’ या शब्दापाशी मी अडले. आधी ‘अस्खलित वाचन’ असे लिहिले. मग ते खोडले आणि ‘ओघवते वाचन’ लिहिले. तेही मनाला पटेना. अस्खलित म्हणजे न अडखळता. परंतु न अडखळणे आणि समजणे या एकच गोष्टी आहेत काय? त्या दिवशी हा प्रश्न मला निव्वळ शब्दकोशाचा वाटला. काल संध्याकाळी मरोद्यातील एका घरी जाऊन बसल्यावर तो तसा नाही, हे कळले.

पण प्रथम उद्दिष्टे काय आहेत ते पाहू, कारण पुष्कळदा आपण कागद न वाचताच त्याच्या बाजूने किंवा विरुद्ध बोलू लागतो. पहिलीच्या अखेरीस मुलाला चार-पाच साध्या शब्दांची वाक्ये वाचता यावीत आणि ९९ पर्यंतच्या संख्या लिहिता-वाचता याव्यात. दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द अर्थासह वाचता यावेत, ९९९ पर्यंत संख्या ओळखाव्यात, ९९ पर्यंतच्या संख्यांची वजाबाकी यावी. तिसरीला मिनिटाला किमान ६० शब्द, ९९९९ पर्यंत संख्या आणि साधे गुणाकार. देशातील प्रत्येक मुलाने हा पल्ला गाठावा यासाठी २०२६-२७ हे वर्ष मुक्रर करण्यात आले.

यात गैर काय आहे? माझ्या मते, उद्दिष्ट म्हणून काहीही गैर नाही. उलट, कामगारांच्या आणि शेतमजुरांच्या मुलांना तिसरीपर्यंत वाचता येत नाही ही गोष्ट इतकी वर्षे कोणाला बोचत नव्हती, हेच गैर होते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सरकारनेच मान्य केले की, पाच कोटींहून अधिक मुलांना पायाभूत वाचन-लेखन आणि आकडेमोड येत नाही. ‘असर’च्या ग्रामीण पाहणीनुसार सरकारी शाळांतील तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा धडा वाचू शकणारी मुले २०१८ साली २०.९ टक्के होती. शाळाबंदीच्या काळानंतर, २०२२ मध्ये, ती १६.३ टक्क्यांवर घसरली आणि २०२४ मध्ये २३.४ टक्के झाली. सुधारणा झाली हे मान्य केले पाहिजे. पण चार मुलांतील तीन मुलांना अजून वाचता येत नाही, हाही त्याच आकड्याचा अर्थ आहे. आणि ही तीन मुले कोणत्या घरांतील आहेत हे या सभेला सांगण्याची आवश्यकता नाही. ज्यांना परवडते त्यांची मुले त्या शाळांत नाहीतच.

आता कालची गोष्ट सांगते. घर एका ठेकेदारी कामगाराचे. बाई गोंदियाकडची, मराठी बोलणारी. नवरा याच दुर्ग जिल्ह्यातला, छत्तीसगढी बोलणारा. मुलगी दुसरीत. पाहुणी आली म्हणून तिला पुस्तक घेऊन समोर उभे करण्यात आले. शेतकऱ्यावरचा एक धडा तिने असा धडाधड वाचला की, मी मनातल्या मनात शब्द मोजू लागले. साठाच्या वर नक्कीच गेली असेल. आईचा चेहरा फुलला. मग मी सहज विचारले, “किसान हल चलाता है, म्हणजे काय गं? हल म्हणजे काय?” ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “सवाल का हल.” गणिताचे उत्तर! शेतकरी शेतात गणिताचे उत्तर चालवितो, असे ती वाचीत होती आणि त्यात तिला काहीही वावगे वाटत नव्हते. कारण पुस्तकातील गोष्टींना अर्थ असलाच पाहिजे, अशी तिची अपेक्षाच नव्हती.

मित्रहो, यातील खरी मौज पुढे आहे. आई मराठीत सांगू लागली, “अगं, नांगर!” आणि त्याच क्षणी बाजेवर बसलेला बापही म्हणाला, “नांगर!” छत्तीसगढीत नांगराला नांगरच म्हणतात. म्हणजे त्या मुलीच्या घरात दोन भाषा, आणि दोन्ही भाषांत तो शब्द एकच. ती पोर सुटीत आजोबांच्या नांगरामागून चालली आहे. फक्त शाळेला हे ठाऊक नव्हते. ‘हल माने नांगर’ हे तीन शब्द वर्गात उच्चारले गेले असते तर काम झाले असते. ते का उच्चारले गेले नाहीत? बाईंना ठाऊक नव्हते म्हणून नव्हे. धडा संपवायचा होता, वाचनाची चाचणी घ्यायची होती आणि तिची माहिती त्याच दिवशी फोनवर भरायची होती म्हणून.

उद्दिष्टाच्या कागदावर ‘अर्थासह’ हा शब्द आहे. परंतु वेग घड्याळाने मोजता येतो, अर्थ घड्याळाने मोजता येत नाही. वरून विचारणा होते ती मोजता येणाऱ्या गोष्टीची. त्यामुळे वर्गात हळूहळू मोजता येणारे तेवढेच उरते.

भाषांतर करणारीच्या अनुभवातून आणखी एक गोष्ट सांगते. मिनिटाला साठ शब्द, पण कोणत्या भाषेतले? ‘राम के घर के सामने पेड़ है’ हे हिंदी वाक्य सात शब्दांचे आहे. ‘रामच्या घरासमोर झाड आहे’ हे मराठी वाक्य चार शब्दांचे. अर्थ तोच. मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटतात, हिंदीत ती सुटी राहतात. तेव्हा मराठी मूल मिनिटाला चाळीस शब्द वाचते म्हणून ते हिंदी मुलाच्या मागे आहे असे कोणी म्हणेल तर तो अजाणपणा ठरेल. कन्नड, तेलुगू, मल्याळम मुलांचे तर विचारूच नका. त्यांचे शब्द आणखी लांब. सरकारच्या शैक्षणिक संस्थेने २०२२ च्या मार्चमध्ये तिसरीच्या सुमारे ८६ हजार मुलांची वीस भाषांमधून पाहणी केली, तेव्हा प्रत्येक भाषेसाठी वाचनाची मर्यादा वेगळी ठरवावी लागली. म्हणजे तज्ज्ञांना हे ठाऊक आहे. पण भिंतीवरच्या तक्त्यावर मात्र साठ हाच आकडा रंगविलेला असतो, आणि तपासणीला येणारा अधिकारी तक्ता वाचतो, अहवाल वाचीत नाही.

गणिताकडे वळू. येथील मुलांना मोजायला आयते साधन आहे: राजहऱ्याकडून लोहखनिज घेऊन येणाऱ्या मालगाड्या. कालच्या त्या घरातील धाकटा मुलगा पहिलीत आहे. गाडी गेली की तो वाघिणी मोजतो. काल त्याने अठ्ठावन्न मोजल्या, आणि त्या बरोबर मोजल्या असाव्यात, कारण त्याचा बापही सोबत मोजीत होता. मग मी त्याला आकडा लिहायला सांगितला. त्याने लिहिले ८५.

चूक कोणाची? ‘अठ्ठावन्न’ म्हणताना आठ आधी ऐकू येतात, पन्नास नंतर. मुलाने जे ऐकले त्याच क्रमाने लिहिले. ‘त्रेसष्ट’ ऐकून ३६ लिहिणारे मूल असेच प्रामाणिक असते. हिंदीतही तोच क्रम. आणि एकोणसाठ, एकोणसत्तर, हिंदीत उनसठ, उनहत्तर. येथे तर अजून न आलेल्या दशकातून एक वजा करायचा! शेजारच्या बाकावरील तेलुगू मुलाला हा त्रास नाही. तो त्रेसष्टला ‘अरवै मूडु’ म्हणतो, साठ तीन. जसे बोलतो तसेच लिहितो. भिलाईच्या एकाच वर्गात दोन्ही क्रमांची मुले मांडीला मांडी लावून बसतात. याचा उपयोग करून घ्यायचा की नाही, हा शिक्षकाच्या कौशल्याचा प्रश्न आहे.

महाराष्ट्रात २०१९ साली यावरून मोठे वादळ उठले होते, ते काहींना आठवत असेल. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’, ‘त्रेसष्ट’बरोबर ‘साठ तीन’ असे वाचन देण्यात आले. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर होत्या. त्या २०२३ मध्ये निवर्तल्या. मराठी भाषेचा खून झाला अशी ओरड झाली, विधिमंडळात टिंगल झाली. जुने शब्द पुस्तकातून काढलेले नाहीत, नव्या वाटेने मुलाला स्थान-किंमत समजावी एवढाच हेतू आहे, हे त्या पुनःपुन्हा सांगत होत्या. मला स्वतःला ‘त्रेसष्ट’ हा शब्द प्रिय आहे. तो नाहीसा व्हावा असे मला मुळीच वाटत नाही. पण त्या वादात ज्यांनी सर्वांत मोठा आवाज केला त्यांपैकी कितीजणांची मुले मराठी शाळेत त्या पुस्तकातून शिकत होती, हा प्रश्न विचारायला हवा होता. आपणही तो पुरेशा जोराने विचारला नाही. भाषेच्या अभिमानाचा विषय निघाला की आपल्यातील पुष्कळांची वर्गीय दृष्टी थोडी मंदावते, हे येथे कबूल केलेले बरे.

वर्गात याचे उत्तर साधे आहे. दहा-दहा काड्यांचे गठ्ठे आणि सुट्या काड्या. पाच गठ्ठे, आठ सुट्या. आधी गठ्ठे मोजायचे आणि लिहायचे, मग सुट्या. ‘पन्नास आणि आठ, म्हणजेच अठ्ठावन्न.’ दोन्ही नावे तोंडात राहू द्यावीत. यासाठी रंगीत पेट्या लागत नाहीत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी खडे, शिंपले, पाने, बिया यांवर बालशिक्षण उभे केले, ते काही कोणा कंपनीच्या साहित्यसंचावर नव्हे.

आणि घरचे गणित कमी समजू नका. छत्तीसगढीत वीस म्हणजे एक कोरी, मराठीत कोडी. म्हातारी माणसे अजून ‘तीन कोरी’ म्हणून साठ सांगतात. इकडे वीस काठ्यांची खांडी, आपल्याकडे वीस मणांची खंडी. ज्या आजीला निरक्षर म्हणून आपण बाजूला बसवितो, तिला विसाचा पाढा धान्यावर येतो. वजाबाकीत आई ‘हातचा’ म्हणते, शाळा ‘उधार’ म्हणते. एका बाईंनी सांगितले की, वर्गात ‘शेजारून दहा उधार घ्या’ म्हटल्यावर एका मुलाने विचारले, “परत कधी करायचे?” त्याच्या घरी उधारी हा शब्द दुकानदाराच्या वहीतून येतो, आणि तेथे परतफेड चुकत नाही. त्या बाईंनी मुलाला हसण्यावारी नेले नाही. त्यांनी एक गठ्ठा सोडून दहा काड्या सुट्या केल्या आणि दाखविले की, येथे कर्ज नाही, मोड आहे. दहाच्या नोटेची चिल्लर करतो तशी. वर्गातील अध्यापन बदलणे म्हणतात ते हेच असावे, असे मला वाटते.

परंतु हे करायला वेळ लागतो, आणि वेळ कोणाजवळ आहे? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक. इयत्ता पाच, शिक्षक दोन. हे कायद्याचे पूर्ण पालन झाले तर! त्याच कायद्याने जनगणना, आपत्ती आणि निवडणूक ही कामे शिक्षकाच्या गळ्यात ठेवली आहेत. मध्यान्ह भोजनाची नोंद निराळी. एका शिक्षकाने वर्गात पाऊल टाकण्याआधीच त्याचा दिवस वाटून घेतलेला असतो. मग निकाल आला नाही की जाब मात्र त्यालाच.

निकालावर शाळा तोलण्याची ही पद्धत नवी नाही. इंग्लंडमध्ये १८६२ च्या नियमावलीने वाचन, लेखन, अंकगणित या तीन परीक्षांत मुले उतरतील त्या मानाने शाळांना पैसा देण्याची प्रथा पडली. मुंबई इलाख्यातील अनुदानातही तिने प्रवेश केला. १८८२ साली महात्मा जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले. त्यात बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे ही मागणी होती, हे आपण नेहमी सांगतो. पण निकालानुसार पैसे देण्याची पद्धत गरीब आणि अज्ञानात ठेवलेल्या लोकांना उपयोगाची नाही, असेही त्यांनी त्यात स्पष्ट बजावले होते, ते मात्र आपण विसरतो. अशा लोकांत शाळा काढून कोणाही शिक्षकाचे पोट भरणार नाही, हा त्यांचा मुद्दा. ज्यांना शिक्षणाची सर्वाधिक गरज तेथेच निकाल सर्वांत उशिरा येणार. मग पैसा तेथून काढून घेतला जाणार. शेतकऱ्यांच्या मुलांना मोडी-बालबोध वाचन, हिशेब आणि शेतीचे ज्ञान द्या, गावच्या मास्तराला चांगला पगार द्या, असे ते सांगत होते. मापदंड आणि साधने या दोन्ही गोष्टी त्यांनी एकत्र मागितल्या.

आज काय चालले आहे? एका हाताने उद्दिष्टाचा तक्ता लावला जातो आणि दुसऱ्या हाताने शाळाच आवरली जाते. महाराष्ट्रात २०१७ च्या अखेरीस दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे १,३०० शाळा बंद करण्याचा निर्णय झाला. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या ‘समूह शाळा’ करण्याची टूम निघाली. येथे छत्तीसगढमध्ये २०२५ साली ‘युक्तियुक्तकरण’ या भारदस्त नावाखाली दहा हजारांहून अधिक शाळांचे एकत्रीकरण झाले. बहुसंख्य शाळा एकाच आवारातील होत्या, असे सरकार म्हणते. तसे असेल. परंतु प्राथमिक शाळेचा वेगळा मुख्याध्यापक गेला की पहिली-दुसरीची काळजी कोणाच्या अंगावर राहते, हे आवार एक असल्याने सुटत नाही. आणि भिलाईपुरते बोलायचे तर पोलाद कारखान्याने नगर वसविले तेव्हा कामगाराच्या मुलासाठी शाळा हा नगराचा भाग मानला होता. कायम कामगार घटत गेले, ठेकेदारी वाढली, तशा कारखान्याच्या शाळाही कमी होत गेल्या. ठेकेदारी कामगाराला तो भाग आपला म्हणता येत नाही.

तुलनेसाठी एक जुना कागद सांगते. सोविएत सत्तेने २६ डिसेंबर १९१९ रोजी, यादवी युद्ध ऐन भरात असताना, निरक्षरता-निर्मूलनाचा हुकूम काढला. ८ ते ५० वर्षांच्या प्रत्येकाने लिहायला-वाचायला शिकावे, मातृभाषेत किंवा रशियनमध्ये, ज्याच्या त्याच्या इच्छेप्रमाणे. एवढ्यावर तो थांबला नाही. शिकणाऱ्या कामगाराचा कामाचा दिवस दोन तासांनी कमी करावा आणि मजुरी पूर्ण द्यावी, असे त्यातच लिहिले होते. १८९७ च्या खानेसुमारीत ९ ते ४९ वयोगटातील सुमारे २८ टक्के लोक साक्षर होते. १९३९ मध्ये ८७ टक्के. त्या देशाचे पुढे काय झाले ते आपण सारे जाणतो, आणि त्यातील चुकांची चर्चा आपल्या नियतकालिकात झालेली आहे. पण उद्दिष्ट लिहिताना त्याच कागदावर दोन तासांची भर मजुरी लिहिणे हा प्रामाणिकपणा आहे, आणि तो मला आजच्या एकाही परिपत्रकात भाषांतर करताना आढळला नाही.

आता येथे काय करता येईल? मी तीनच सूचना करते. पटतील तर घ्या.

शिक्षक साथींना विनंती अशी की, वेग मोजायचा तर मोजा, सक्ती आहे. पण प्रत्येक चाचणीनंतर धड्यातला एक शब्द निवडून ‘तुझ्या घरी याला काय म्हणतात?’ हा एक प्रश्न विचारा आणि उत्तरे फळ्यावर लिहा. छत्तीसगढी, मराठी, तेलुगू, ओडिया जे येईल ते. छत्तीसगढीला राज्याने २००७ मध्ये राजभाषा म्हटले आहे; तिला फळ्यावर येण्यास कोणाची परवानगी लागू नये. (बस्तरच्या हलबीची तर ग्रियर्सनने मराठीच्या खंडातच गणना केली होती; तेव्हा भाषांच्या सीमा आपण समजतो तितक्या पक्क्या नाहीत.)

पालकांना सांगणे असे की, मूल भरभर वाचते म्हणून समाधान मानू नका आणि अडखळते म्हणून मारू नका. वाचून झाल्यावर पुस्तक मिटवा आणि ‘काय झाले ते सांग’ एवढेच म्हणा. मराठीत सांगू दे, छत्तीसगढीत सांगू दे. तुम्हाला स्वतःला वाचता येत नसले तरी हे काम तुम्ही करू शकता. किंबहुना तुम्हीच अधिक चांगले कराल, कारण तुम्हाला गोष्ट खरोखरच ठाऊक नसते.

पक्षशाखेचे काम वेगळे आहे. शाळेत किती पदे मंजूर, किती भरलेली, बाईंना महिन्यात किती दिवस बाहेरच्या कामाला पाठविले, याची वही शाखेने ठेवावी. शिक्षकांविरुद्ध नव्हे, त्यांच्यासोबत बसून. शाळा व्यवस्थापन समितीत पालकांना कायद्याने जागा आहेत. त्या जागा आपल्या बायांनी भराव्यात आणि बैठकीला जावे. नुसत्या अंगठ्याच्या ठशावर ठराव मंजूर होऊ देऊ नयेत.

कालच्या घरी निघताना मी त्या धाकट्याला पुन्हा विचारले. तोवर बहिणीने त्याला काड्यांचे पाच गठ्ठे बांधून दिले होते, रबर नव्हते म्हणून केसांच्या फितीने. आठ काड्या बाजूला. त्याने ५ लिहिले, मग बराच वेळ काड्यांकडे पाहत राहिला, आणि ८ लिहिले. यास एका मिनिटाहून पुष्कळच अधिक वेळ लागला. पुढच्या आठवड्यापासून संध्याकाळी त्यांच्याच ओसरीवर मुले जमणार आहेत. शाखेने एक दिवा आणि एक फळा द्यावा, असे ठरले आहे. काड्या मुलेच आणतील.